पाणी सोडायच्या आत

आमच्या घरातली सहल पाच तासांची असायची. सकाळी दहाला निघायचं आणि काही झालं तरी तीनला परतीची रिक्षा पकडायची. आमचे हे पाणीखात्यात वॉलमन होते. रस्त्याखालच्या मोठ्या नळांचे वॉल उघडायचे, बंद करायचे, कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी द्यायचं ते सांभाळायचं, हे ह्यांचं काम. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा आणि आजूबाजूच्या गल्ल्या ह्यांच्याकडे. पहाटे पाचला एक फेरी, संध्याकाळी पाचला दुसरी, ती आठपर्यंत चालायची. मग घरी येऊन जेवायचं आणि नऊला आडवं व्हायचं, कारण पहाटे परत चारला उठायचं. मधे जे तास उरायचे त्यात आमचा संसार, आणि त्यातच आमचं हिंडणंफिरणं.

त्या पाच तासांत जेवढं बसतं तेवढं सगळं मी पाहिलंय. अंबरनाथचं जुनं शिवमंदिर किती वेळा पाहिलं ते विचारूच नका, तिथल्या भिंतीवर कोरलेल्या बायका आता मला ओळखत असतील. बारवी धरण पाहिलं. मी घरी जीन्सचे धागे कापायचं काम करायची, तो माल उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये शेठकडे पोचवायला जायचं, तेही ह्यांच्या हिशेबी फिरणंच. "चल, तुला बाजार दाखवतो," म्हणायचे, आणि शेअर रिक्षात गठ्ठा माझ्या मांडीवर. आणि लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला कुठं नेलं, सांगू? जांभूळला. काय दाखवलं? पाणी शुद्ध करायच्या टाक्या! मी नवी साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून त्या टाक्यांच्या कठड्याशी उभी, आणि हे मला गाळ खाली कसा बसतो ते समजावून सांगतायत. हसावं की रडावं तेच कळेना. पण ह्यांचा चेहरा एवढा फुलला होता, की मी म्हटलं, छान आहे.

माझं माहेर खाडीकाठचं. माझा बाप मिठागरात राबायचा. संध्याकाळी त्याला घरी बोलवायला मी बांधावर जायची, तेव्हा सूर्य खाडीत उतरत असायचा आणि मिठागराच्या एकेका खणात एकेक लाल सूर्य दिसायचा. बाप बांधावर बसायचा, मी त्याच्या शेजारी. ते सगळे सूर्य विझले की म्हणायचा, "चल बाय, झाला दिवस." लहानपणभर हे रोज बघितलं, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. लग्न करून बदलापूरला आले तर सूर्य घरांमागे कधी जातो त्याचा पत्ताच लागेना. संध्याकाळी मी ओट्यावर धागे कापत बसायची आणि हे खांद्यावर वॉलची लांब चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचे.

माझं मागणं एवढंच होतं, की एकदा तरी ह्यांच्या शेजारी बसून पाण्यात सूर्य बुडताना बघायचा. सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही. एक संध्याकाळ मागितली. ती काही मिळाली नाही.

नाही म्हणायला एकदा मिळाली होती, अर्धीमुर्धी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही कोंडेश्वरला गेलो होतो. पावसाळा नुकताच संपलेला, कुंड भरलेलं, महादेवाचं दर्शन झालं, भाकरी खाऊन झाली. तीन वाजले तसे हे उठले. मी ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजच्या दिवस थांबूया ना. एक दिवस उशिरा पाणी सोडलं तर काय होतंय?" काय वाटलं कुणास ठाऊक, हे बसले. डोंगरावरचा उजेड उतरेपर्यंत आम्ही तिथं बसलो. माझ्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. पण त्यानंतर हे पुन्हा कधी थांबले नाहीत, आणि कोंडेश्वरला तर परत गेलेच नाहीत. नाव काढलं की म्हणायचे, "पाहिलंय की ते."

माझ्या नाकावर राग असतो, हे मी कबूल करते. मी ह्यांना त्यावरून फार टोचलं. दर दिवाळीला, दर मे महिन्यात, शेजारचे कुठं फिरून आले की माझं सुरू व्हायचं, "कोंडेश्वरला एकदा थांबलात, तेव्हा काय आभाळ कोसळलं का हो?" ह्यावर हे कधी एक अक्षर बोलले नाहीत. चावी उचलायची आणि चालू पडायचं. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणायची मी.

दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले, तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाची. कसलं काय! ह्यांच्या जागी जो नवा वॉलमन आला तो माणूस चांगला, दोन पोरांचा बाप, कष्टाळू. पण कुठला वॉल किती आटे फिरवायचा हे कुठंच लिहिलेलं नाही. एक वॉल सहा आटे उघडावा लागतो, दुसरा साडेचारच, नाहीतर चढावरच्या घरांना थेंब येत नाही. एक वॉल तर उलटा फिरतो. हे सगळं ह्यांच्या मनगटात. मग रोज पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला त्याचा फोन, "काका, आता काय करू?" आणि हे फोनवर, नाहीतर चपला घालून थेट गल्लीत. पगार बंद झाला, ड्युटी चालूच.

आमची लेक नर्स आहे. आयर्लंडमध्ये केरी म्हणून समुद्राकाठचा एक जिल्हा आहे, तिथल्या ट्रली गावात ती नोकरी करते. गेल्या वर्षी तिने ऑगस्टसाठी रजा साठवल्या, आमची तिकिटं काढली आणि म्हणाली, "आई, इथं सूर्य थेट समुद्रात बुडतो, आणि बुडायला रात्रीचे नऊ वाजवतो. बाबांना घेऊन ये. तुझी संध्याकाळ मी देते." पोरीने लहानपणापासून आमची भांडणं ऐकलेली. मी फोनवरच रडले. महिन्याभरासाठी गेलो. आमच्या गुडघ्यांचा अंदाज घेता एवढ्या लांब पुन्हा जाणं होणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, की ती संध्याकाळ आता घ्यायचीच.

केरी फार सुंदर आहे हो. कुठंही बघा, हिरवंगार, मेंढ्या, दगडांचे बांध, आणि वळण घेतलं की समोर समुद्र. पाऊस मात्र पाच मिनिटांत येतो आणि पाच मिनिटांत जातो. पहिल्या आठवड्यात लेक आम्हाला किलार्नीला घेऊन गेली. तिथं तलावाच्या कडेने टांग्यातून फिरवतात. टांगेवाला गप्पिष्ट, घोड्याशीही बोलत होता आणि आमच्याशीही. त्याचं आम्हाला काही कळत नव्हतं, पण मजा येत होती. आम्ही टांग्यात बसलो, घोडा चालू लागला, आणि ह्यांनी मनगटावरचं घड्याळ बघून म्हटलं, "पाच वाजले."

मी म्हटलं, "अहो, डोक्यावर ऊन आहे. पाच कसले? साडेबारा वाजलेत."

"तिकडे पाच वाजले," हे म्हणाले, आणि त्याच क्षणी फोन वाजला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्या माणसाने घड्याळ बदललंच नव्हतं! साडेचार तासांचा फरक, आणि हे केरीत येऊनही बदलापूरच्या वेळेवर चालले होते. लेकीने हातातलं घड्याळ मागितलं तर म्हणाले, "राहू दे. मला गोंधळायला होईल." तलाव झाला, राजवाड्यासारखं एक घर झालं, धबधबा झाला, ह्यांचा कान फोनकडे. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण हे नऊला झोपणारे, आणि बदलापूरचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेचार. साडेचार वाजले की ह्यांना जांभया सुरू. कसेबसे ढकलत सहापर्यंत नेले की जेवून गुडूप. मग तिकडच्या पहाटे पाचच्या, म्हणजे केरीतल्या रात्री साडेबाराच्या, फोनला हे टुणकन उठून बसायचे. आता सांगा, नऊला बुडणारा सूर्य ह्यांना दिसायचा कसा?

लेक हसायची. "आई, बाबा अजून हेंद्रेपाड्यातच आहेत." मला हसू येत नव्हतं.

दुसरी सहल समुद्राच्या कड्यांवर होती. उभे काळे कडे, खाली पांढरा फेस, आणि वारा एवढा की माझा पदर कुठल्या कुठे. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी नेली होती, ती खायला आडोसा शोधत होतो. त्या दिवशी आभाळ असं निरभ्र होतं, की लेक म्हणाली, आज संध्याकाळी किनाऱ्यावर जायचंच. मी खूश. तेवढ्यात साडेबारा झाले आणि फोन आला. आणि कड्याच्या कठड्याला एक हात धरून आमचे हे जे ओरडायला लागले!

"कुठला? देवळामागचा? अरे, तो डावीकडे फिरतो! हो, उलटाच आहे तो. सहा आटे दे. नाही आलं? मग आधी शाळेच्या कोपऱ्यावरचा दोन आटे आवळ. आवळ रे, आवळ! जोरात बोल, इकडे वारा आहे!"

देशोदेशीचे लोक दुर्बिणी, कॅमेरे घेऊन पक्षी बघत होते, ते पक्षी सोडून ह्यांच्याकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्या बाईने लेकीला काळजीने विचारलं, घरी काही वाईट झालंय का? लेकीने सांगितलं, नाही, माझे वडील आमच्या गावाला पाणी सोडतायत. ती बाई मान हलवत म्हणाली, मग होऊ द्या त्यांचं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकून झाल्या असतील तर भाकरी खाऊन घ्या." हे म्हणाले, "चढावरच्या घरांना तीन दिवस पाणी नीट नाहीये गो." आणि भाकरी हातात धरून समुद्राकडे बघत राहिले.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. परतीच्या गाडीत हे झोपले, घरी येऊन जेवले आणि पुन्हा झोपले. लेक म्हणाली, आपण दोघी जाऊ. मी म्हटलं, नको, दोघींनी बघायचा असता तर मी जुहूला जाऊन बघितला असता. खिडकीत बसून राहिले. समोरच्या घराच्या छपरामागे सूर्य गेला. पुढच्या आठवड्यात दोनदा ठरवलं, दोन्हीदा पाऊस. दिवस संपत चालले तशी माझी चिडचिड वाढली. एका सकाळी चहा पिताना मी सरळ बोलले. "मला एक संध्याकाळ पाहिजे. वॉलला जन्मभर दिल्यात, त्यातली एक मला द्या. नाहीतर तसं सांगून टाका, मी आशा सोडते." हे कपाकडे बघत म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलेलं.

त्याच दिवशी लेकीने आम्हाला एका डोंगरावरच्या शेतावर नेलं. तिथं एक धनगर म्हणा, मेंढपाळ म्हणा, कुत्र्यांकडून मेंढ्या कशा वळवतो ते लोकांना दाखवतो. मला वाटलं, ह्यात काय बघायचं, आपल्याकडे रस्त्यात बघतो की. पण त्याने शीळ घातली आणि समोरच्या डोंगरावर, आपल्या इथून स्टेशन जेवढं लांब तेवढ्या लांब, एक काळापांढरा कुत्रा वळला. दुसरी शीळ, कुत्रा जागच्या जागी बसला. तिसरी, आणि पन्नासेक मेंढ्या एका रांगेत फाटकातून आत. आमचे हे पुढे सरकत सरकत लोकांपुढे बांधलेल्या दोरीपर्यंत गेले. इतक्या दिवसांत ह्यांनी एवढं मन लावून काही बघितलं नव्हतं.

मेंढपाळाच्या पायाशी आणखी एक कुत्री पडली होती, तोंडाकडे पांढरी झालेली. मधेच त्याने शीळ घालायची थांबवली. तरणा कुत्रा गोंधळला, मेंढ्या फुटल्या, लोक हसले. तरी मेंढपाळ गप्प. थोड्या वेळाने कुत्र्याने आपला आपणच लांबून वळसा घेतला आणि मेंढ्या आणल्या. ह्यांनी लेकीला म्हटलं, "विचार त्याला, शीळ का नाही घातली?" लेकीने विचारलं. मेंढपाळ म्हणाला, मी प्रत्येक वेळी शीळ घातली तर तो मेंढ्यांकडे बघणारच नाही, माझ्याकडेच बघत राहील. लेकीने ते मराठीत सांगितलं. मग ह्यांनी म्हाताऱ्या कुत्रीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही?" तो म्हणाला, तिने आयुष्यभर काम केलं, आता तिला बसायला शिकवतोय, ते जास्त अवघड आहे.

आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत. साडेबाराला फोन वाजला, तो उचलला, आणि पहिल्यांदाच ह्यांनी आटे सांगितले नाहीत. म्हणाले, "तुला काय वाटतं, कुठं अडलंय? तू सांग." आणि ऐकत राहिले.

त्या रात्रीपासून ह्यांनी आमच्याशी बोलणंच सोडलं. गाडीत प्रेक्षणीय स्थळांचा एक मोठा नकाशा होता, पर्यटकांना फुकट वाटतात तो. त्याची मागची बाजू कोरी. हे तो नकाशा टेबलावर उलटा पसरून बसले. तीन दिवस. मी म्हटलं, "फुगलात का?" हे लेकीला म्हणाले, "लाल पेन आहे का?" मला एवढा राग आला, की मी तिकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा टेबल पुसायच्या निमित्ताने बघितलं, तर कागदावर अख्खा हेंद्रेपाडा! देऊळ, शाळा, पिठाची गिरणी, वडाचं झाड, प्रत्येक गल्ली, आणि जिथं जिथं वॉल तिथं लाल गोल. प्रत्येक गोलाशेजारी आटे किती, कुठे फिरतो, आधी कुठला बंद करायचा, उन्हाळ्यात काय, पावसाळ्यात काय. एका गोलाशेजारी लिहिलं होतं, "इथे म्हातारी एकटी राहते, पाणी आलं की हाक मारणे." उलट बाजूला किलार्नीचे तलाव आणि कडे. मी फडकं हातात धरून तिथंच बसले. हा माणूस फुगला नव्हता, मोकळा होत होता.

लेकीने त्या कागदाचे फोटो काढून नव्या वॉलमनला पाठवले. ह्यांनी त्याला फोन करून सांगितलं, "दोन दिवस बघून बघून कर. मला फोन करू नको. अगदीच अडलं तर कर."

आमच्या निघण्याचा आदला दिवस उजाडला. आभाळ सकाळी ढगाळ, मग उघडलं. साडेबारा वाजले. फोन वाजला नाही. पाऊण वाजला. हे फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलेले, मी भाजी चिरत ह्यांच्याकडे बघत. आमच्या लेकीच्या बारावीच्या निकालाला आम्ही दोघं असे बसलो होतो. एक वाजता मेसेज आला. लेकीने वाचून दाखवला, "काका, पाणी सुटलं. चढावरपण."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. मग मनगटावरचं घड्याळ काढलं, लेकीला विचारलं, "इथले आता किती वाजले?" आणि चिमटीत ती बारीक चावी धरून काटे मागे फिरवायला लागले. हळूहळू, मोजून मोजून, साडेपाचवरून एक वाजेपर्यंत. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी भाजीकडे बघितलं, नाहीतर तिथंच रडू फुटलं असतं.

दुपारी दोनदा कॉफी पाजून आम्ही ह्यांना जागं ठेवलं. आठ वाजता ट्रलीजवळच्या बॅना नावाच्या किनाऱ्यावर पोचलो. मैलोन्मैल वाळू, ओहोटी लागलेली. लेक मुद्दाम लांब फिरायला निघून गेली. आम्ही सतरंजी टाकून बसलो. ओल्या वाळूत जागोजाग पाणी साचलं होतं आणि प्रत्येकात सूर्य होता. माझा बाप आठवला. मला इतकं भरून आलं, आणि भरून आलं की मी वाकड्यात बोलते, ती माझी खोडच आहे. मी म्हटलं, "बघा. आज थांबलात. काय आभाळ कोसळलं का हो?"

चौतीस वर्षं ह्याला उत्तर मिळालं नव्हतं. त्या दिवशी मिळालं.

"त्या दिवशी कोसळलं होतं," हे म्हणाले.

मला कळेना. मग ह्यांनी सांगितलं. कोंडेश्वरहून आम्ही उशिरा आलो, मला घरी सोडून हे चावी घेऊन पळाले. देवळामागच्या गल्लीत त्या दुपारी एक बाई वारली होती. आदल्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं, पिंपं कोरडी. तिला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. पाच वाजता नळाला येईल म्हणून सगळे थांबले होते. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. शेवटी शेजारणींनी लांबच्या विहिरीवरून हंडे आणले. हे पोचले तेव्हा तिला नेत होते. तिचा मुलगा खांदा देता देता ह्यांना एवढंच म्हणाला, "आम्ही तुमची वाट बघत होतो." रागाने नाही. साधंच म्हणाला.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," हे म्हणाले. "त्यानंतर पाच वाजले की ते वाक्य ऐकू यायचं."

मग एकदम सगळं उसळून आलं. "आणि मला का नाही सांगितलंत? मी मेली चौतीस वर्षं त्याच दिवसावरून तुम्हाला टोचतेय! दगड म्हटलं, पालथा घडा म्हटलं, काय काय म्हटलं! तोंडाला काय कुलूप होतं का तुमच्या?"

हे वाळूत बोटाने रेघा ओढत होते. म्हणाले, "तू नवी होतीस. हात धरून थांबवलं होतंस. सांगितलं असतं तर तू जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतंस. आणि तुझा तो एकच दिवस होता चांगला. तो कशाला नासवायचा?"

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले, परक्या देशात, परक्या लोकांसमोर. मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि ह्या माणसाची इतकी माया वाटत होती, की काय करू कळेना. मी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं. तोपर्यंत सूर्य टेकला होता. अर्धा राहिला, नखाएवढा राहिला, गेला. वाळूतले सगळे सूर्य एकामागून एक विझले. ह्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

परत आल्यावर लोक विचारतात, काय काय बघितलंत? मी तलाव सांगते, कडे सांगते, कुत्र्याची गंमत सांगते. देवाने खूप दाखवलं, लेकीने खूप दिलं. त्या मेंढपाळाला तर मी अजून रोज दिवा लावताना आठवते, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसेल. नकाशा आता नव्या वॉलमनच्या घरी भिंतीवर आहे, केरी भिंतीकडे आणि हेंद्रेपाडा खोलीकडे.

गेल्या महिन्यात, पावसाळा संपल्यावर, एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "कोंडेश्वरला जायचं का?" मी काही न विचारता भाकऱ्या थापल्या. कुंड भरलेलं होतं. दर्शन झालं, जेवण झालं, मागे बसलो होतो त्याच बाजूच्या खडकावर आम्ही बसलो. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिला मी मनातल्या मनात हात जोडले आणि माफी मागितली. ऊन उतरायला लागलं. आता मीच अस्वस्थ. सारखी ह्यांच्या मनगटाकडे बघतेय. शेवटी राहवेना, पिशवी उचलली आणि म्हटलं, "अहो, चला. पाच वाजले."

खिशातला फोन वाजून गप्प झाला. ह्यांनी तो काढला, लांब धरून मेसेज वाचला आणि परत खिशात ठेवला.

"बस गो," हे म्हणाले. "पाणी सुटलं."